राखाडी

मेल्नेपिल्सचं आज उरलंय ते एवढंच:
दीड भिंत, एक बुजलेली विहीर
आणि गाड्या कुठे लावायच्या याचा फलक.
बाकीचा किल्ला कधीच गावात राहायला गेला,
कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या तळघराच्या पायरीत,
थोडासा पाद्र्याच्या धुराड्यात.

मी त्याला परत बोलावते आहे.
दोन वर्षं झाली, एका करकरणाऱ्या खुर्चीतून.
हाताशी उत्खननाचे नकाशे
आणि कुण्या स्वीडिश कारकुनाची यादी:
तोफा चार, पैकी फुटक्या दोन. छप्पर गळते.
मी ते गळतंच ठेवलंय.

आमचा नियम साधा.
पुरावा असेल तिथे दगडाचा रंग,
अंदाज असेल तिथे राखाडी.
पहिल्या वर्षी माझा किल्ला
धुक्यानंच बांधल्यासारखा दिसायचा.

संचालक ओयार्स म्हणाले, विज्मा,
लोक पैसे मोजून येतात, त्यांना राखाडी दाखवायचं?
झेंडे लाव, मशाली लाव,
एखादा सरदार तरी उभा कर दारात.
म्हटलं, दाराचाच पत्ता नाही,
सरदार उभा कुठे करू?
शेवटी तडजोड म्हणून अंगणात एक कोंबडी सोडली.
हाडं सापडली होती कोंबड्यांची. शंभरावर.
आता शाळेची मुलं तिच्याच मागे धावतात
डोळ्यांवर चष्मा चढवून, रिकाम्या दालनात,
आणि खांबावर आपटतात.

मार्चमध्ये, नदीवरचा बर्फ फुटत होता त्या आठवड्यात
आल्विने सीपोला आली.
पायात रबरी बूट, ऐंशी कधीच ओलांडलेली.
तिकिटाऐवजी तिनं काउंटरवर
जिरं घातलेल्या चीजची गोल वडी ठेवली.
डोक्यावरचा रुमाल सोडेना, म्हणून चष्मा वरूनच बांधला.

तिनं बुरुजांकडे पाहिलंच नाही.
वाकली, आणि हवेत, भिंतीच्या पायथ्याशी
हात फिरवत राहिली
गाभण गाईच्या पोटावरून फिरवावा तसा.
मग म्हणाली, माझा गोठा कुठाय?

मी समजावलं, बाई, हे साल चौदाशे दहा.
गोठा पुष्कळ नंतरचा.

नंतरचा. पण दगड तेच ना?
तुम्ही ते इथे आणून लावलेत.
मग तिकडे माझ्या गाई उघड्यावर.

ओयार्स हसले. मला हसता आलं नाही.
उत्तरेच्या भिंतीसाठी मी तिच्या गोठ्याचे
तीनशे बारा फोटो काढले होते
आणि त्यातून गोठा पुसला होता, कडेकडेनं, सवयीच्या हातानं:
दाव्याची खुंटी, चुन्याचे पोपडे,
खडूनं मांडलेली कुठल्याशा उन्हाळ्यातली
दुधाची बेरीज.
बेरीज चुकली होती. तेही पुसलं.

रविवारी तिनं मला चुलीमागची वीट दाखवली.
विटेत कुत्र्याचा पंजा.
माती ओली असताना तुडवून गेलेला,
एक ठसा खोल, पुढचा निसटता.
पळत असणार. कशामागे, ते विटेत नाही.
(कोंबडी, मी मनात म्हटलं,
आणि लगेच तिला राखाडी केलं.)
आल्विनेची आई सांगायची, तो लांडगा आहे, झोप आता.
सत्तर वर्षं ती त्याच्याकडे पाठ करून झोपत आली.

वीट आता किल्ल्यात आहे,
जिन्याखाली, जिथे मी दिवा लावलेला नाही.
आणि ओयार्सना न विचारता
कोपऱ्यात मी एक बटण बसवलंय.
ते दाबलं की भिंत सैल होते,
दगड उतरतात, गाड्यांवर चढतात,
चिखलातून गावाची वाट धरतात,
आणि अंगणाच्या जागी फक्त गवत उरतं,
कोंबडीसुद्धा कुठेतरी निघून जाते.
मग दूर टेकडीखाली गोठा उभा राहतो.
खुंटी. चुना. चुकलेली बेरीज.
आत तीन गाई, नावानिशी.

परवा एका पाहुण्यानं तक्रार केली,
तिसरी गाय अर्धवट राहिलीय, रंगच भरलेला नाही.
नाही हो, मी म्हटलं,
ती आहेच तशी.